सरजाच्या नावानं तीन तारे

५ नोव्हेंबर

भुतं नसतात. नोकरीभर मी लेकरांना हेच शिकवलं. अहमदपूर तालुक्यात कुठं बाईच्या अंगात आलं, कुठं लिंबाला दोरे बांधले, की मुख्याध्यापक मला पाठवायचे, कारण विज्ञानाचा मास्तर मीच आणि शाळेत सगळ्यात तोंडाळही मीच. म्हणून आज संध्याकाळी जे केलं ते इथं लिहून ठेवतो. कुणाला सांगण्यासारखं ते नाही.

बायकोचा, सरजाचा, फोन कपाटावर असतो. रोज चार्जिंगला लावतो. का लावतो ते माझं मला माहीत नाही. सातच्या सुमाराला तो टुणकन वाजला. बघतो तर तिच्या त्या गोष्टींच्या ॲपचा निरोप : 'शापित बारव, पर्व तिसरे. नवा भाग आला आहे.' अंगणवाडीतून रिटायर झाल्यापासून तिचा हाच उद्योग होता. भुतांची प्रेमं, नागकन्यांची लग्नं, आणि आमच्या घरात मी. वाजणं बंद करावं म्हणून उघडलं आणि उभ्या उभ्या अख्खा भाग वाचला.

काय तो प्रकार. शौर्यादित्य नावाचा राजपुत्र चारशे वर्षांखाली बारवेत बुडून मेला. तो आता नीहारिका नावाच्या इंजिनिअरिंगच्या पोरीवर प्रेम करून राहिला. चारशे वर्षांत ह्याला एक बाई पसंत पडली नाही, आणि पडली ती शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली. तेही सोडून देऊ. पण अष्टमीच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण लागतं आणि ह्याला शरीर मिळतं. अष्टमीला. माझ्यानं राहवेना. खाली अभिप्रायाची जागा होती, तिथं लिहिलं : 'चंद्रग्रहण फक्त पौर्णिमेला होते. लेखिकेने शाळेचे पुस्तक पाहावे. तीन तारे.' आणि पाठवलं.

पाठवल्यावर दिसलं, वर नाव सरजाचं आलं होतं. 'सरजा, अहमदपूर.' शेजारी तिनं लावलेला जाईचा फोटो. सरजा सप्टेंबरात गेली.

६ नोव्हेंबर

तिच्या फोनवर 'अमावस्या मंडळ' नावाचा एक ग्रुप आहे. आमच्या घरात बाबासाहेब आणि बुद्धाच्या फोटोखाली बसून ही बाई अमावस्या मंडळ चालवत होती. सभासद तीन. एक सरजा. दुसरी देविका, लातूरची, कॉलेजच्या ऑफिसात आहे. तिसरी दानम्मा, निलंग्याची, किराणा दुकान चालवते, बोलताना मधूनच कानडी. ॲपवरच्या अभिप्रायांतून ओळखी झाल्या आणि मग रोज संध्याकाळी भाग वाचून झाला की ह्यांची चर्चा. प्रत्यक्ष कधी भेटल्या नाहीत म्हणायची. मी कधी लक्ष घातलं नाही.

आज दुपारी दानम्माचा निरोप आला : 'ग्रहणाचं तुम्ही लिहिलंत का?'

खरं सांगायची हीच वेळ होती. मी लिहिलं, 'हो.' नंतर देविकाचं आलं : 'बरं झालं आलात. आम्ही वाट बघत होतो. रोज येत जा.'

म्हणजे ह्यांना माहीत नाही. कोण सांगणार? त्या दिवसांत कुणाला कशाची शुद्ध होती. ह्या दोघींच्या लेखी सरजा अजून घरात आहे, मधे तब्येत बरी नव्हती म्हणून गप्प होती, आता पुन्हा वाचायला बसली. ते वाचून मला बरं वाटलं. लपवायचं कशाला, फार बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

रोज वाचतोय. सरजा जिथं थांबली होती तिथून पुढं. मागचे एवढे भाग कोण वाचत बसणार. देविकाकडून सारांश मागून घेतला, 'मधे आजारपणात विसरायला झालं' असं कारण सांगून. तिनं नीट, क्रमानं सांगितलं. कुठं काम करते ते कळतं.

बाईसारखं लिहायचं म्हणजे ताप आहे. मी आले, मी बसले, मी हसले. काल घाईत 'मी बसलो होतो' असं गेलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दानम्मानं एक दुसरी मालिका वाचायला लावली. महाबळेश्वरच्या जंगलात एक श्रीमंत तरुण पौर्णिमेला लांडगा होतो आणि त्याची सेक्रेटरी त्याच्या प्रेमात पडते. मी मंडळात लिहिलं : माणूस सत्तर किलोचा, लांडगा चाळीस किलोचा, तर उरलेले तीस किलो रात्रभर कुठं ठेवतो? वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम लांडग्यालाही लागू आहे. आणि सकाळी परत माणूस होतो तेव्हा जीनची पँट कुठून येते?

देविकानं हसण्याची चित्रं ओळीनं पाठवली. दानम्मा म्हणाली, 'पँट सेक्रेटरी घेऊन फिरत असंल. तेच तर प्रेम.' मी एकटाच मोठ्यानं हसलो. घरात आवाज झाला तेव्हा कळलं की कितीतरी दिवसांत घरात हसण्याचा आवाज नव्हता. मग टीव्ही लावला.

२२ नोव्हेंबर

रेणुकाचा नांदेडहून फोन. रोजचंच. "बाबा, इकडं या. एकटं काय करून राहिलात तिथं?" म्हटलं, वाचतो. "काय वाचता?" म्हटलं, पेपर. ती म्हणाली, "वाचा, वाचा." लेकीच्या घरी मी चार दिवस राहीन, पाचव्या दिवशी जावयाला विज्ञान शिकवायला लागेन. त्यापेक्षा इथं बरा.

पण जेवणाचं हैराण आहे. खिचडी खाऊन खाऊन जीव विटला. आज एक हुशारी केली. मंडळात लिहिलं, 'तुम्ही वरणाला फोडणी कशी देता? प्रत्येकीची पद्धत वेगळी असते म्हणून विचारते.' देविकानं लगेच लिहून पाठवलं : आधी गॅस बारीक करा. कढई कोरडी आहे ना बघा, नाहीतर तेल उडतं. मोहरी तडतडेपर्यंत दुसरं काही टाकू नका. लसूण लाल झाला की लगेच बंद. चेहरा लांब ठेवा.

सरजा असती तर रागावली असती, मला फोडणी शिकवता का म्हणून. पण बाईनं पायरी पायरीनं सांगितलं ते माझ्या पथ्यावर पडलं. वरण जमलं. पाट घेऊन बसून जेवलो. ताटात वाढून घेतलं की जेवण जरा जेवणासारखं लागतं.

२ डिसेंबर

एसटीच्या पार्सल ऑफिसातून फोन आला, निलंग्याहून डबा आलाय. दानम्मानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली. डब्यावर माझं नाव होतं, 'रामकिशन सर, अहमदपूर'. आपल्याकडं बाईच्या नावानं पार्सल करत नाहीत, म्हणून लिहिलं असेल. सोबत निरोप : 'भाकर ताकात भिजवून खा. दाताला झेपणार न्हाई.'

सरजाचे दात शेवटपर्यंत पक्के होते, ऊस सोलायची ती दातानं. कवळी माझी आहे. ही बाई सगळ्यांनाच तसं सांगत असेल.

संध्याकाळी दोघींना 'डबा मिळाला, सरांना फार आवडला' असं कळवलं. दानम्मानं विचारलं, 'ऊटा आयतेन्री?' म्हणजे जेवण झालं का. आता रोज रात्री आठला हे विचारते. मी 'आयतु' लिहितो. सरजाचं जुनं उत्तर वर सरकवून बघून ठेवलंय.

६ डिसेंबर

समाजमंदिरात अभिवादन सभा. दरवर्षीप्रमाणं मला अंधश्रद्धेवर बोलायला उभं केलं. नको म्हणत होतो. पण पोरं म्हणाली, सर, तुमच्याशिवाय कोण.

चांगलं चाललं होतं. म्हणालो, मेलेला माणूस परत येत नाही. बोलत नाही. निरोप पाठवत नाही. जे म्हणतात पाठवतो, ते एक तर फसवे असतात किंवा स्वतः फसलेले. तेवढ्यात खिशात टुणकन झालं. माझ्या खिशात दोन फोन असतात आणि हा आवाज कुठल्याचा ते मला कळतं. कुणीतरी सरजाला उत्तर दिलं होतं.

पुढचं वाक्य येईना. अध्यक्ष चंद्रप्पा मास्तर पाण्याचा गिलास घेऊन उठले. बाया माना हलवून आपसांत बोलल्या की सरांना बाईंची आठवण आली. सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं आणि मला सभा सोडून पळावंसं वाटलं. नोकरीत मी कैक भोंदू पकडले. त्यातला एकही स्वतःच्या मेलेल्या बायकोच्या नावानं गप्पा मारत नव्हता.

घरी आल्यावर ठरवलं, आज सगळं सांगून मोकळं व्हायचं. फोन हातात घेतला तर देविकाचं आलेलं : 'आज सभा असते ना तुमच्याकडं. दमला असाल. भाग उद्या वाचू, आज झोपा.' हे वाचल्यावर सांगायचं राहिलं. सांगितलं की हे बंद होणार. दूधवाला आणि रेणुकाचा फोन सोडला तर दिवसात माझ्याशी बोलणारी एवढी दोनच माणसं आहेत, आणि ती माझ्याशी बोलतच नाहीत, सरजाशी बोलतात.

४ जानेवारी

थंडी. दानम्मा लिहिते, 'बीपीची गोळी चुकवू नका.' सरजाला बीपी कधी नव्हतं, शुगर होती. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकं, कुणाला काय आजार हे तिच्या डोक्यात राहत नसेल. गोळी मात्र मी खरंच चुकवली होती, ती घेतली.

आणखी एक. हल्ली दोघीही ताई, अक्का असं काही लिहीत नाहीत. नुसतंच 'काय म्हणता', 'आहात का'. जुने निरोप बघितले तर पानोपानी अक्का आणि ताई. मी फार चुका काढतो, तीन ताऱ्यांच्या वर जात नाही, म्हणून मनातून रागावल्या असतील. एका भागाला चार द्यायला पाहिजेत.

१९ जानेवारी

शापित बारव संपत आली. लेखिकेनं वाचकांना कौल मागितलाय. शौर्यादित्यानं नीहारिकेसाठी इथंच, ह्या जगात राहावं की मुक्त होऊन निघून जावं? ज्या बाजूला जास्त अभिप्राय, तसा शेवट. ह्यांची कादंबरी म्हणजे ग्रामसभाच आहे.

खाली निम्म्या बायांनी लिहिलंय, राहू द्या त्याला, आमचा जीव घेऊ नका. मी लिहिलं : 'त्याने जावे. मेलेल्याला धरून ठेवले तर जिवंत माणसाचे जगणे थांबते. नीहारिकेने परीक्षा दिली नाही, मैत्रिणी सोडल्या, दिवसभर बारवेच्या काठाला बसते. हे प्रेम नव्हे, हे आजारपण आहे.'

लिहिताना मुद्देसूद वाटत होतं. मंडळातही तेच टाकलं. मग देविकानं विचारलं, 'तुम्हाला खरंच असं वाटतं?'

'तर्काने तेच बरोबर आहे,' मी लिहिलं.

'तर्काचं नाही विचारलं.'

सरजानं काय लिहिलं असतं? राहू द्या त्याला, असंच लिहिलं असतं, आणि वर पाच तारे. तिच्या नावानं तिच्या मनाविरुद्ध मत दिलं. तेही मतदानात. मला आज फार एकटं वाटतंय. कारण सांगायला माणूस नाही म्हणून इथं लिहितो.

१ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. देविकाचा निरोप : 'शेवटचा भाग नऊ तारखेला, रविवारी सकाळी अकराला येणार. माझ्या घरी एकत्र वाचू. दानम्मा निलंग्याहून येतेय. तुम्हीही या. नाही म्हणायचं नाही.' खाली घराचा पत्ता.

म्हणजे रविवारपर्यंतच. त्यानंतर हे सगळं संपणार, कसंही झालं तरी.

४ फेब्रुवारी

काय काय सुचलं ते लिहितो, म्हणजे स्वतःलाच लाज वाटेल. एक, सरजा आजारी आहे असं कळवायचं. पण मग दोघी भेटायला इकडं येतील. दोन, मंडळातून गुपचूप बाहेर पडायचं आणि फोन बंद करून ठेवायचा. तीन, आत्ता कळवायचं की सरजाबाईंचं निधन झालं. हे लिहूनही बघितलं. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की', एवढ्यावर अडलो. कधी झालं म्हणून विचारतील. सप्टेंबर म्हणून सांगितलं की मी खोटा ठरतो, आणि काल म्हणून सांगितलं की तिला मी दुसऱ्यांदा मारतो. पुसून टाकलं.

रेणुकाला फोन केला. आडून विचारलं की समज एखाद्याला फसवलं आणि ते माणूस आपल्याला सोडायचं नसेल तर काय करावं. ती म्हणाली, "बाबा, लातूरला जाऊन या." मी कुठं लातूरचं नाव काढलं होतं? बोलण्याच्या ओघात निघालं असेल.

९ फेब्रुवारी

लातूरहून आत्ताच आलो. क्रमानं लिहितो.

सकाळची एसटी घेतली. वाटभर एकच वाक्य घोकत होतो : मी रामकिशन, सरजा सप्टेंबरात वारली, मी तुमचा गुन्हेगार आहे. देविकाबाईंनी दार उघडलं. उंच बाई, केस पिकलेले, चष्मा गळ्यात अडकवलेला. आणि माझ्या तोंडून निघालं, "सरजाला यायला जमलं नाही." इतका पाठ केलेला धडा ऐनवेळी चुकलो.

"या सर," त्या म्हणाल्या. "आधी पाणी घ्या."

आत दानम्माबाई डबा सोडून बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पदर सारखा केला. "ऊटा आयतेन्री, सर?"

हे वाक्य कानानं पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर मला खोटं रेटता येईना. उभ्या उभ्याच सांगितलं. "बाई, मी तुम्हाला फसवलं. सरजा सप्टेंबरातच गेली. हे सगळं मी लिहीत होतो. ग्रहण, लांडगा, फोडणी, सगळं मीच."

कुणी दचकलं नाही. दानम्माबाईंनी देविकाबाईंकडं बघितलं.

"बसा सर," देविकाबाई म्हणाल्या. "आम्हाला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. ताई गेल्या त्याच दिवशी रेणुकानं फोन केला होता. आम्ही दोघी जलदानाच्या विधीला येऊन गेलो. मागं बायकांत बसलो होतो. भंतेजी बोलत होते आणि तुम्ही फरशीकडं बघत होतात. ओळख द्यावी असं वाटलं नाही."

"अन् अक्कानं कदी तीन तारे दिले का वो?" दानम्माबाई म्हणाल्या. "पाचाच्या खाली तिचं बोट उतरायचं न्हाई. तुमचं ते ग्रहणाचं वाचलं अन् मी हिला फोन लावला. म्हटलं, सर आलेत बग."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. "मग हे काय चाललं होतं? मला खुळ्यात काढून दोघी गंमत बघत होतात?"

"सर, तुम्ही स्वतःच्या नावानं आमच्याशी बोलला असतात का?" देविकाबाईंनी विचारलं.

मी विचार केला. बोललो नसतो. आमच्या अहमदपुरात रिटायर मास्तर परगावच्या दोन बायांशी रोज संध्याकाळी भुताच्या गोष्टींवर बोलत बसत नाही. लोक काय म्हणतील हे नंतर, मीच मला बोलू दिलं नसतं. सरजाचं नाव नसतं तर मी खिचडी खाऊन टीव्हीपुढं बसलो असतो.

"नाही," म्हटलं.

"म्हणून आम्ही गप बसलो," दानम्माबाई म्हणाल्या. "अन् दुसरं सांगू का. अक्काच्या नावानं फोन वाजायचा तवा आमालाबी बरं वाटायचं. तुमच्या एकट्याचंच न्हवतं ते."

अकराला भाग आला. देविकाबाईंनी मोठ्यानं वाचला, शाळेत धडा वाचतात तसा, कुठं आवाज न चढवता. शौर्यादित्य गेला. बारवेच्या पायऱ्या उतरत गेला आणि नीहारिकेनं त्याला हाक मारली नाही. माझ्याच बाजूचा कौल लागला होता. तर्क बरोबर होता, भाषा बरी होती, चूक काढायला जागा नव्हती. आणि मला तो शेवट अजिबात आवडला नाही. मी म्हणालो, "राहू द्यायचं होतं त्याला," आणि रडलो. दोन परक्या बायांपुढं, धडधडीत. सप्टेंबरात रडलो नव्हतो, लोक होते म्हणून. दानम्माबाई रडत रडतच भाकरी ताकात मोडायला लागल्या.

जेवणं झाल्यावर देविकाबाईंनी विचारलं, "तुम्ही कादंबरी पहिल्यापासून वाचलीच नाहीत ना? ताई थांबल्या तिथून पुढंच वाचलीत."

"मागचं तुम्ही सांगितलं होतं की."

"गोष्ट सांगितली. तुमच्या नावानं खातं काढा आणि पहिल्या भागापासून वाचा. अभिप्रायांसकट वाचा. प्रत्येक भागाखाली ताई आहेत."

मी परतीच्या गाडीत बसल्यावर त्यांनी मंडळात माझा नंबर घेतला. आता तिथं चार नावं दिसतात. सरजाचं काढलं नाही, मीही काढा म्हटलं नाही. तिच्या फोनवरून इथून पुढं मी काही लिहिणार नाही.

११ फेब्रुवारी

खातं काढलं. नाव रामकिशन, गाव अहमदपूर. ॲप विचारतं, आवडता प्रकार कोणता? प्रेम, भय, गूढ, कौटुंबिक. विज्ञान नाहीच. प्रेमावर बोट ठेवलं.

शापित बारव, पर्व पहिले, भाग एक. भाग सामान्य आहे. नीहारिका गावात येते, वीज जाते, वारा सुटतो. खाली वाचकांची रांग आणि त्यात ती. 'मी नवीन वाचक आहे. छान लिहिले आहे. सरजा, अहमदपूर.' बस. पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या अहवालासारखं लिहिलंय. मी ते इतक्यांदा वाचलं की पुढं जायचं राहून गेलं.

२० फेब्रुवारी

रोज एकच भाग वाचतो. जास्त वाचला तर लवकर संपेल. मंडळात कळवलंय की मला कुणी पुढचं सांगू नका, म्हणजे कथेचं नव्हे, सरजाचं. दानम्माबाई म्हणाल्या, 'ठीक. पन आठव्या भागाला खुर्चीवर बसून वाचा.'

आठव्या भागाखाली तिनं लिहिलंय : 'नीहारिका विहिरीत उतरली तेव्हा माझा जीव वर आला. आमच्या सरांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, दोर तपासला होता का. हसून हसून बेजार झाले. असा माणूस सोबत असला की भुताचं भ्या वाटत नाही.' खाली कोणी 'तुमचे सर भारी आहेत' असं लिहिलंय, आणि तिचं उत्तर, 'हाव. पण त्यांना सांगू नका.'

घरात माझ्या पाठीमागं बसून सरजा दोन वर्षं गावोगावच्या बायांना माझं सांगत होती. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होतो. मला वाटायचं, तिला बोलायला आता काही उरलं नाही.

२८ फेब्रुवारी

आजच्या भागात शौर्यादित्य पहिल्यांदा नीहारिकेला दिसतो, धुक्यात, पांढऱ्या घोड्यावर. बुडून मेलेल्या माणसाबरोबर घोडा कुठून आला ते लेखिकेलाच ठाऊक. मी माझ्या नावानं तसं लिहिलं आणि लेखिकेनं उत्तर दिलं की घोड्याची कथा दुसऱ्या पर्वात आहे. बरं.

त्याच भागाखाली सरजा : 'आजचा भाग वाचता वाचता भाजीकडं लक्ष राहिलं नाही. मीठ दोनदा पडलं. सरांनी न बोलता सगळी खाल्ली. मी विचारलं, खारट झाली का, तर म्हणाले, नाही. खोटं बोलायला येत नाही त्यांना, कान लाल होतात.'

मला ते जेवण आठवत नाही. कुठली भाजी होती, कुठला महिना होता, काही नाही. बराच वेळ बसून आठवून बघितलं. मग तिच्या अभिप्रायाखाली जागा होती तिथं माझ्या नावानं लिहिलं : 'मीठ बरोबर होतं.'